चमकीचा आठवडा

वर्षातून एक आठवडा असा येतो की कचरा निवडणाऱ्या बायकांच्या डब्यातल्या घासातसुद्धा चमकी येते. केसांत येते, भुवयांवर येते, नखांत जाऊन बसते आणि पुढे महिनाभर हलायचं नाव घेत नाही. कचरा वेगळा करायच्या शेडमधल्या बायका त्याला चमकीचा आठवडा म्हणतात. शहरातल्या शाळांची 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शनं उरकली की दोन-तीन दिवसांत तो सुरू होतो. म्हणे टिकाऊ! शनिवारी टेबलावर मिरवलेलं टिकाऊ मंगळवारी शेडमधल्या सरकत्या पट्ट्यावर येतं, आणि येतं ते अशा अवस्थेत की कोणाचा बापही त्याचं पुढे काही करू शकत नाही.

या विषयावर कानवालीचं डोकं दर वर्षी फिरायचं. तिला कानवाली म्हणायचे ते तिच्या कामामुळे. अकरा वर्षं ती त्या पट्ट्यापाशी उभी होती आणि प्लॅस्टिक डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त ओळखायची. वस्तू उचलायची, कानापाशी नेऊन एकदा चुरगळायची, की ज्या त्या पिंपात टाकायची. पाण्याची बाटली कडकडते. शांपूची बाटली जाडसर हुंकार देते. दह्याचा डबा फटकन बोलतो आणि तुटतो. दुधाची पिशवी नुसती कुजबुजते. आणि जे काहीच धड बोलत नाही, ज्याच्यावर गोंद, रंग, कापूस, नाही नाही ते थापलेलं असतं, ते रिजेक्ट. रिजेक्टचं पिंप सगळ्यात शेवटी असतं. ते शहराबाहेरच्या खड्ड्यात रिकामं होतं आणि तिथून काही परत येत नाही. चमकी लावलेली प्रत्येक वस्तू रिजेक्ट. काल चांगली बोलणारी बाटली, मुद्दाम बसून मुकी केलेली.

"पोरांना शिकवतात काय गं हे?" ती शेजारच्या आत्याला विचारायची. आत्या म्हणजे शेडमधली सगळ्यात जुनी बाई, सगळ्यांचीच आत्या.

"शिकवतात कसली! फोटो काढतात," आत्या म्हणायची.

एरवी हा राग आठवड्यापुरता असायचा. या वर्षी मात्र कानवालीची स्वतःची मुलगी शाळेत होती. बालवर्गात, पाच वर्षांची. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून घरी तिला भिंगरी म्हणायचे, आणि शाळेतही तेच नाव पडलं. भिंगरीचा बाप मालगाडीवर गार्ड होता, आठवड्यातून दोनदा घरी दिसायचा. त्यामुळे शाळेची चिठ्ठी आली ती कानवालीच्याच हातात आली. प्रदर्शनासाठी मुलांनी घरातल्या वापरलेल्या वस्तू स्वच्छ धुऊन आणाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. चिठ्ठी वाचून कानवालीने कपाळाला हात लावला. भिंगरी मात्र तीनदा गोल फिरली आणि म्हणाली, "मी ऐकायची पेटी करणार."

कल्पना तिची तिचीच. बुटांचा एक खोका, त्याला हात जाईल एवढं भोक, आणि आत प्लॅस्टिकचे सहा तुकडे. बघायचं नाही. आत हात घालायचा, चुरगळायचं किंवा टिचकी मारायची आणि काय आहे ते सांगायचं. तुकडे कानवालीने शेडमधून निवडून आणले, साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुतले, आणि हात कापू नये म्हणून प्रत्येकाची कड घासून तिला पट्टी चिकटवली. बाकी सगळं भिंगरीने केलं. खोक्यावर तिने एक भलामोठा कान काढला. तो कानापेक्षा बटाट्यासारखा जास्त दिसत होता, पण कानवालीने तो तसाच राहू दिला.

पेटी सोमवारी शाळेत गेली आणि बुधवारी बालवर्गाच्या ताईंनी कानवालीला फाटकापाशी थांबवलं. ताई वयाने लहान, नोकरीत नवीन, बोलताना ओढणीचं टोक पिळायची सवय.

"तुमच्या मुलीने आज माझा वर्ग घेतला," ताई म्हणाल्या. "खरं सांगते. आमच्याकडे एक चावरी आहे, दिवसातून दोघांना तरी चावते. ती आज अर्धा तास पेटीत हात घालून बसली होती. मुलांनी दोन ढीग केले, बोलणारे आणि कुजबुजणारे. मग कुठल्यात किती ते मोजलं. मी दोन महिने मणी घेऊन मोजायला शिकवत होते हो, कोणी ढुंकून बघत नव्हतं."

कानवाली घरी गेली ती रस्ताभर मान ताठ ठेवून. भिंगरी पुढे पुढे फिरत होती.

"शनिवारी प्रदर्शनाला मी येणार," कानवाली म्हणाली. "तुझी पेटी टेबलावर असणार. मी सगळ्यांसमोर हात घालून ओळखणार."

"तू चुकशील."

"अकरा वर्षांत चुकले नाही, आता चुकेन?"

"मी अवघड ठेवलंय," भिंगरी म्हणाली. "शब्द दे. येशील."

कानवालीने शब्द दिला.

गुरुवारी मोठ्या बाई वर्गात आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना दरवाजातून सगळं एका नजरेत दिसतं असं त्यांचं म्हणणं, आणि म्हणून त्या कधी आत येऊन बसत नसत. त्यांना दिसला एक मळकट खोका. हे कुठून आणलं, असं त्यांनी विचारलं. भिंगरीने छाती काढून सांगितलं, "माझ्या आईच्या कामावरून." आईचं काम कुठलं, ते कळल्यावर मोठ्या बाईंनी सगळ्या मुलांना रांगेने हात धुवायला पाठवलं. साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धुतलेले तुकडे आणि हे हात धुणं! चावरीने हात धुवायला नकार दिला, तर तिला कोपऱ्यात उभं केलं.

त्याच दुपारी शाळेत खोकी येऊन पडली. प्रत्येक मुलासाठी एक पाकीटबंद संच, वर छापलेलं, 'स्वच्छ टाकाऊ साहित्य'. आत एक नवी कोरी बाटली, जिच्यात कधी थेंबभर पाणी गेलं नव्हतं. कधी कशावर न बसलेली चार झाकणं. पुठ्ठ्याची एक नळी, कापसाचा पुंजका, चिकटवायचे डोळे दोन आणि चमकीची पुडी एक. थोडक्यात, विकत घेतलेला कचरा. ज्या शहरात रोज ट्रकच्या ट्रक भरून बाटल्या फेकल्या जातात, तिथे मुलांना टाकाऊचं महत्त्व शिकवायला कारखान्यातून ताज्या बाटल्या आणल्या. यावर हसावं की आपलंच डोकं आपटून घ्यावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सगळ्यांनी पेंग्विन करायचा, असं ठरलं. करायचा म्हणजे बघायचा. गोंद गरम असतो, मुलांचे हात भाजतील, म्हणून ताई आणि दोन हौशी आयांनी सगळे पेंग्विन चिकटवले. मुलांनी चमकी टाकली. एकूण अडतीस पेंग्विन, सगळे एकाच तोंडवळ्याचे.

"पेटीपण ठेवू आपण, काळजी करू नका," ताईंनी कानवालीला सांगितलं. सांगताना ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी झाली होती. तेव्हाच कानवालीने ओळखायला हवं होतं.

शनिवारी कानवालीने अर्धी रजा काढली, नखं ब्रशने घासली आणि ठेवणीतले कपडे घातले. हॉलमध्ये लांबच लांब टेबलावर पांढरं कापड, त्यावर अडतीस पेंग्विन, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी आणि मागे आपापलं मूल. तिने टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा पाहिलं. निवडण्यात आयुष्य गेलेली बाई ती, अडतिसांत एक वेगळी वस्तू असती तर तिला दिसली नसती का? पेटी नव्हती.

भिंगरी आपल्या पेंग्विनमागे हात बांधून उभी होती. एका जागी, अजिबात न फिरता.

"पेटी कुठाय गं?"

"कपाटात आहे," भिंगरी हळू आवाजात म्हणाली. "मोठ्या बाई म्हणाल्या, ती पाहुण्यांना दाखवायची नसते."

तेवढ्यात भाषण सुरू झालं. आमच्या चिमुकल्यांनी आपल्या हातांनी कचऱ्याचं सोनं केलं, असं मोठ्या बाई म्हणाल्या. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर कानवाली त्यांच्याजवळ गेली.

"बाई, माझ्या मुलीची पेटी टेबलावर नाही."

"अहो, तुम्ही त्या का!" मोठ्या बाई गोड हसल्या. "नीट जपून ठेवलीय हं आम्ही. तुमचं काम फार थोर आहे, खरंच. पण इतर पालक असतात, लहान मुलं, जंतू… तुम्ही समजूतदार आहात, तुम्हाला काय सांगायचं!"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते कानवालीला तेव्हा कळलं. जिभेवर दहा शब्द आले, त्यांतले नऊ शाळेत बोलण्यासारखे नव्हते. पण भिंगरी बघत होती. आजूबाजूच्या आया बघत होत्या. आणि शेडच्या मुकादमाला एका वाक्यात गप्प करणारी ती बाई काय म्हणाली?

"बरं," म्हणाली.

त्या एका 'बरं'वरून तिने रविवारभर स्वतःला शिव्या घातल्या. भांडी घासताना घातल्या, कपडे वाळत घालताना घातल्या. संध्याकाळी तिला आठवलं की भिंगरीसाठी शेडमधून एक नवा तुकडा आणून ठेवलाय. औषधाच्या गोळ्यांचं पाकीट होतं ते, दाबलं की टचटच बोलणारं. भिंगरीला असलं काही मिळालं की ती आधी कानाला लावायची. कानवालीने ते तिच्यापुढे धरलं.

भिंगरीने हात मागे घेतला.

"तो कचरा आहे," ती म्हणाली. मग आईच्या हाताकडे बघून म्हणाली, "आई, तू हात धू."

कानवालीने हात धुतले. नळाखाली ते बराच वेळ धरून ठेवले. मुलगी आपल्याला असं बोलली याचा तिला राग आला नाही. ते कोणी शिकवलं याचा आला. पाच वर्षांच्या पोरीला आठवडाभरात काय शिकवलं शाळेने? मोजणं तर ती पेटीवर शिकलीच होती. शाळेने तिला आईची किळस करायला शिकवलं.

मंगळवारी पट्ट्यावर पेंग्विन आले.

आत्याने पहिला बघितला. "आले बाई पाहुणे," ती म्हणाली. मग दुसरा आला, तिसरा आला, कापूस पिंजारलेले, डोळे निखळलेले. चौथ्याच्या गळ्यात नावाची पट्टी तशीच होती. कानवालीने पट्टीवर आपल्या मुलीचं नाव वाचलं आणि पट्टा थांबवायची कळ दाबली. कळ फक्त मुकादमाने दाबायची असते.

"काय झालं? कोणाचा हात अडकला?" मुकादम धावत आला.

कानवाली पट्ट्यावरून पेंग्विन वेचत होती. पेंग्विनांच्या ढिगाखाली बुटांचा एक खोका होता, एका बाजूने चेपलेला. त्यावर बटाट्यासारखा कान. भोकातून तिने हात आत घातला. न बघता मोजले, सहाच्या सहा तुकडे आत होते.

नीट जपून ठेवलीय हं आम्ही.

"रिजेक्टमध्ये टाक आणि पट्टा चालू कर," मुकादम म्हणाला. मग त्याने तिचं तोंड बघितलं आणि आवाज उतरवला. "म्हणजे… जेवणाची सुट्टी जवळच आलीय म्हणा."

"मी शाळेत जाऊन येते," कानवाली म्हणाली. तिने सगळे पेंग्विन एका पोत्यात भरले. खोका मात्र पोत्यात टाकला नाही, काखेत घेतला.

"कपडे तरी बदल," आत्या म्हणाली.

"कशाला? शनिवारी बदलून गेलेच होते की."

ती तशीच गेली. गुडघ्यापर्यंत बूट, रबराचे हातमोजे, डोक्याला फडकं, भुवयांवर चमकी. शाळेच्या पहारेकऱ्याने तिला मागच्या फाटकाकडे जायला सांगितलं, कचऱ्याची गाडी तिथून जाते म्हणून. "मी पालक आहे," असं त्याला सांगून ती सरळ आत गेली.

बालवर्गात डबे नुकते संपले होते. मोठ्या बाई नेमक्या दारात उभ्या, सगळं एका नजरेत बघत. कानवाली त्यांच्या बाजूने आत शिरली आणि वर्गाच्या मधोमध पोतं उपडं केलं. पेंग्विन घरंगळत बाकांखाली गेले. भिंगरी शेवटच्या ओळीत होती. तिने आईला बघितलं आणि मान खाली घातली.

ते कानवालीला दिसलं. पण आता मागे फिरणं नव्हतं.

"हे काय चालवलंय तुम्ही?" मोठ्या बाई ओरडल्या. "मुलांसमोर! हा कचरा…"

"कचराच आहे," कानवाली म्हणाली. "तुमचा आहे. शनिवारी याला सोनं म्हणालात. आज सकाळी आला माझ्याकडे. आणि याच्या खाली ही आली." तिने खोका वर धरला. "जपून ठेवली होती ना तुम्ही?"

मोठ्या बाईंनी ताईंकडे बघितलं. ताई ओढणीचं टोक सोडून म्हणाल्या, "मी कपाटातच ठेवली होती. तुम्हीच काल कपाट रिकामं करायला सांगितलंत, मोठ्या बाई." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच धाप लागली.

"अहो, नजरचुकीने गेली असेल…"

"नजरचुकीने पेटी जाईल. अडतीस पेंग्विनसुद्धा नजरचुकीने गेले?" कानवालीने एक पेंग्विन उचलला आणि मोठ्या बाईंच्या कानापाशी नेऊन करकचून दाबला. त्या दचकून मागे सरल्या. "ऐका. ऐकू येतंय काही? नाही येणार. गोंद, कापूस, रंग, चमकी. चांगली कोरी बाटली होती ही, पुन्हा दहा वेळा बाटली झाली असती. तुम्ही हिचं तोंड बंद केलंत. अडतीसच्या अडतीस खड्ड्यात जाणार. आणि या खोक्यातले सहा तुकडे, ज्यांना हात लावला म्हणून तुम्ही पोरांना हात धुवायला पाठवलंत, ते सगळे कामाचे आहेत. कचरा कोणी केला, बाई? मी, माझ्या पोरीने, की तुम्ही?"

अडतीस मुलं इतकी गप्प बसलेली ताईंनी एकदाच पाहिली होती, त्या पेटीभोवती.

"तुम्ही माझ्या कार्यालयात चला," मोठ्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "इथे मुलं घाबरतायत."

कोणी घाबरलेलं दिसत नव्हतं. चावरी तर बाकावर चढून बघत होती. तिला खोका दिसला आणि ती किंचाळली, "ऐकायची पेटी!" उडी मारून ती आली, कानवालीच्या हातातल्या खोक्यात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. आतून बारीक कुजबुज ऐकू आली.

"दुधाची पिशवी," चावरी म्हणाली. मग मागे वळून, "बरोबर ना गं, भिंगरे?"

आता सगळी मुलं भिंगरीकडे बघायला लागली. कानवालीही बघत होती. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं. ज्याच्यासाठी आली होती ते मात्र तिच्या हातात नव्हतं.

भिंगरी उठली. सावकाश, न फिरता पुढे आली. आईच्या बुटांकडे बघितलं, हातमोज्यांकडे बघितलं. 'हात धू' असं आता सगळ्यांसमोर म्हणते की काय, या धसक्याने कानवालीने मोकळा हात मागे घेतला.

भिंगरीने वाकून एक पेंग्विन उचलला. तिचाच होता, गळ्यात तिच्या नावाची पट्टी होती. तिने तो कानाला लावला आणि दोन्ही हातांनी चुरगळला. मान तिरकी करून ऐकलं, अगदी आई ऐकते तसं. पुन्हा एकदा चुरगळला. अन्याय नको म्हणून दुसऱ्या कानालाही लावून बघितला.

"रिजेक्ट," ती म्हणाली, आणि पेंग्विन मोठ्या बाईंच्या पायाशी टाकला.

मग दुसरा उचलला. चावरीने तिसरा उचलला. पुढच्या ओळीतली मुलं बाकांखाली शिरली.

"रिजेक्ट!"

"रिजेक्ट!"

"ताई, हा पण रिजेक्ट! किती झाले?"

"नऊ," ताई म्हणाल्या. त्या खाली जमिनीवर बसून मोजत होत्या. "दहावा कोण देतंय?"

"बंद करा हे!" मोठ्या बाई ओरडल्या. कोणी ऐकलं नाही. तेव्हा त्या कानवालीकडे वळल्या. "हे सगळं आत्ताच्या आत्ता आवरा आणि घेऊन जा."

कानवालीने पेटी भिंगरीच्या बाकावर ठेवली. रिकाम्या पोत्याची नीट घडी केली आणि ती मोठ्या बाईंच्या हातात दिली.

"आवरायचं काम मी रोज करते," ती म्हणाली. "आज तुम्ही करा."

आणि ती निघाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती न निवडलेला ढीग जमिनीवर तसाच सोडून जात होती. दाराशी पोचली तेव्हा मागून भिंगरी ओरडली, "आई! तू शब्द दिला होतास!"

कानवाली थांबली. राग अजून गेला नव्हता, तो जायचाही नव्हता. पण ती परत आली, हातमोजा काढला, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर पेटीत हात घातला.